‘माइन बॉय’ : आज्ञेची भाषा आणि नकाराचा अधिकार

(१)

पीटर एब्रहम्स यांची ‘माइन बॉय’ ही कादंबरी १९४६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत मजुरीसाठी आलेल्या एका खेडुताची ही कथा, आफ्रिकी लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या आरंभीच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. तिचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे : वंशभेदाचे चित्रण म्हणून आणि श्रमिकाच्या वर्गजाणिवेची कथा म्हणून. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. तथापि जी कृती आपल्या शीर्षकातच भाषेचा प्रश्न उपस्थित करते, तिचे परीक्षण भाषेच्या अंगाने होणेही तितकेच अगत्याचे आहे. खनिज संपत्तीचा ‘जबाबदार विकास’ हा शब्दप्रयोग आज आफ्रिकेच्या संदर्भात वारंवार केला जातो. त्या शब्दप्रयोगाची कसोटी पाहण्यासही ही जुनी कादंबरी उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

प्रथम शीर्षकाचा विचार. ‘बॉय’ या शब्दाचा कोशगत अर्थ मुलगा. परंतु वसाहतींच्या व्यवहारात हा शब्द वयवाचक राहिला नाही. तो दर्जावाचक झाला. मराठीत हॉटेलातील ‘पोऱ्या’ चाळिशी उलटली तरी पोऱ्याच राहतो, तसेच हे आहे. मात्र दक्षिण आफ्रिकेत या अर्थांतरामागे कायद्याचे बळ उभे होते. १९११ च्या खाण-कायद्याखालील नियमांनी कुशल कामे गोऱ्यांसाठी राखून ठेवली. १९१३ च्या भूमि-कायद्याने आफ्रिकी लोकांच्या वाट्याला देशातील सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. १९३६ च्या कायद्याने ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढली. घरपट्टी रोख पैशात भरावयाची आणि जमीन तर पुरेशी नाही, अशा कोंडीत सापडलेला माणूस खाणीकडे वळत असे. तेथे त्याचा मुक्काम पुरुषांसाठी बांधलेल्या आवारबंद वसाहतीत असे आणि त्याची हालचाल पास-कायद्याने बांधलेली असे. कराराची मुदत संपली की त्याने गावी परतावे, हीच व्यवस्थेची अपेक्षा होती. अशा माणसाला ‘प्रौढ’ म्हणणे व्यवस्थेला परवडणारे नव्हते. कारण प्रौढ माणूस कुटुंब घेऊन येतो, घर मागतो आणि मजुरीविषयी बोलतो.

कादंबरीचा नायक क्सुमा हा पुढे ‘बॉस बॉय’ होतो. हा सामासिक शब्द अभ्यासनीय आहे. त्याचे पहिले पद जे देते ते दुसरे पद काढून घेते. क्सुमा इतर मजुरांचा मुकादम आहे, परंतु गोऱ्या मुकादमापुढे तो पोऱ्याच आहे. व्यवस्थेने बढतीसाठी घडविलेला शब्दही पायरी उतरूनच अर्थ देतो. ‘क्सुमा’ हे लेखनही येथे केवळ सोयीचे आहे. मूळ नावाच्या आरंभी जो पार्श्विक चटकारध्वनी आहे, त्याला देवनागरीत चिन्ह नाही, आणि रोमन लिपीतील नाव वाचणारा परकीय वाचकही तो उच्चारीत नाही. नायकाचे नाव नीट उच्चारता न येणे, ही या कादंबरीच्या वाचनाची पहिलीच अट आहे.

(३)

विटवाटर्सरँड येथे १८८६ साली सोने सापडल्यानंतर जी खाणवस्ती उभी राहिली, तिच्यात आजच्या मोझांबिक, लेसोथो, मलावी इत्यादी प्रदेशांतून व देशाच्या अंतर्भागातून मजूर आले. त्यांच्या भाषा भिन्न होत्या. या मिश्र समूहात जी व्यवहारभाषा रूढ झाली, ती फानागालो होय. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः झुलू भाषेतून आलेला असून त्याला इंग्रजी व आफ्रिकान्स शब्दांची भर आहे. तिची उत्पत्ती नाताळमधील उसाच्या मळ्यांवर १८६० पासून आलेल्या करारबद्ध हिंदी मजुरांत झाली, असे मत पूर्वी मांडले गेले होते. राजेंद मेस्त्री यांनी १९८९ साली जुन्या लिखित पुराव्यांची छाननी करून ती त्या मजुरांच्या आगमनापूर्वीची असल्याचे दाखविले. हिंदी मजुरांनी ती वापरली. घडविली मात्र नाही.

भाषावैज्ञानिक दृष्टीने पाहता फानागालोत झुलूचे शब्द राहिले, पण झुलूची संगती गेली. झुलूत नामांचे वर्ग असतात व त्या वर्गाचा उपसर्ग विशेषणाला आणि क्रियापदालाही जोडला जातो. ‘उमुन्तु’ म्हणजे माणूस आणि ‘अबान्तु’ म्हणजे माणसे. हा फरक साऱ्या वाक्यभर घुमत राहतो. फानागालोत हा अन्वय नाहीसा झाला आणि चटकारध्वनी बहुधा ‘क’कारावर भागले. ‘हलोनिफा’ या नावाने ओळखली जाणारी झुलू आदरभाषेची रीत तर तिच्यात येण्याचे कारणच नव्हते. भाषेचे नावही बोलके आहे. ‘असे कर’, ‘याप्रमाणे’ अशा अर्थाच्या शब्दांवरून ते रूढ झाले. दाखविणारा बोट दाखवितो आणि करणारा करतो, हा प्रसंग या नावात गोठून राहिला आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य ठरेल. भूगर्भात शेकडो मीटर खाली धोक्याची सूचना क्षणार्धात सर्वांना समजणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, आणि परस्परांची भाषा न जाणणाऱ्या मजुरांना या भाषेने एकमेकांशी बोलतेही केले. हे खरे आहे. भाषेनेच मजुराला दास केले, असे म्हणणे हा अतिरेक होईल. त्याला बांधले ते जमीन-कायद्याने, पासने आणि कराराने. तथापि जी भाषा प्रामुख्याने हुकूम देण्यासाठी शिकविली जाते, तिच्यात आज्ञार्थ सुलभ होतो, तर कारण सांगणे, शंका विचारणे, अट घालणे या क्रिया तितक्याच दुर्घट होतात. उणीव व्याकरणाची नाही. ती वापराची आहे. कारण नकाराचा शब्द फानागालोतही होता. ‘हायिकोना’ हा तिचा नकारवाचक शब्द साऱ्या दक्षिण आफ्रिकेला परिचित आहे. प्रश्न एवढाच, की तो कोणी कोणाला उद्देशून म्हणावयाचा.

(४)

या पार्श्वभूमीवर कादंबरीची रचना पाहावी. खाणीतील संकरभाषा तिच्यात जशीच्या तशी उतरत नाही. एब्रहम्स यांनी पात्रांना साधे, लहान वाक्यांचे इंग्रजी दिले आहे. परंतु आज्ञेपासून नकारापर्यंतचा प्रवास हाच तिचा आराखडा आहे.

पहिल्या दिवशी क्सुमा वाळूने भरलेल्या गाड्या ढकलतो. हुकूम होतो आणि तो ढकलतो. शरीर दमते, पण केलेल्या कामाची खूण कोठेच उमटत नाही. वाळूचा डोंगर जसा होता तसाच दिसतो. शेतकऱ्याने नांगरलेली जमीन संध्याकाळी वेगळी दिसते, येथे मात्र दिसत नाही. खाणमजुरीचे स्वरूप इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग विरळा. नंतर फुप्फुसाच्या रोगाने रक्त ओकणारा एक मजूर भेटतो. तो आजार लपवितो, कारण गावाकडचे कर्ज फिटल्यावाचून त्याला परतता येत नाही. या माणसापाशी शब्द आहेत, पण ते उच्चारण्याची किंमत त्याला परवडत नाही. शेवटी खाणीत अपघात होतो. क्सुमाचा सहकारी जोहानेस आणि त्याचा गोरा मुकादम ख्रिस हे दोघेही मरण पावतात. त्यानंतर, दुरुस्ती झाल्याखेरीज कोणीही खाली उतरणार नाही, असे क्सुमा जाहीर करतो. साऱ्या कादंबरीत त्याने उच्चारलेले हे पहिले सार्वजनिक वाक्य. आणि ते नकारार्थी आहे. पोलीस येतात, त्याचा गोरा वरिष्ठ पॅडी पकडला जातो, आणि प्रथम पळून गेलेला क्सुमा स्वतः होऊन तुरुंगाची वाट धरतो.

योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विटवाटर्सरँडच्या साठ हजारांहून अधिक आफ्रिकी खाणमजुरांनी दिवसाला दहा शिलिंग मजुरीच्या मागणीसाठी संप पुकारला. पोलिसी बळाने तो मोडण्यात आला व त्यात किमान नऊ मजूर मृत्युमुखी पडले. कादंबरीला या संपाची भविष्यवाणी मानण्याचे कारण नाही. एवढेच म्हणता येईल, की लेखकाने ज्या वाक्यापाशी कथा थांबविली, ते वाक्य त्या काळी अनेकांच्या ओठांवर आलेले होते. त्यानंतर काय झाले, हे फ्रान्सिस विल्सन यांच्या १९७२ सालच्या अभ्यासावरून कळते. १९६९ साली कृष्णवर्णीय खाणमजुराची खरी रोख मजुरी १९११ सालच्या मजुरीपेक्षा अधिक नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

कादंबरीचे दोष दोन आहेत, आणि ते गौण नव्हेत. माणूस हा प्रथम माणूस व नंतर काळा किंवा गोरा, हा विचार क्सुमाला पॅडीकडून मिळतो. नकाराचे धैर्य नायकाचे, परंतु त्याचे तत्त्वज्ञान उसने, अशी स्थिती त्यामुळे होते. दारू विकून घर चालविणारी लीया आणि एकेकाळी पास-कायद्याविरुद्ध लढलेला, आता व्यसनात बुडालेला वृद्ध डॅडी, या दोघांच्या अनुभवात त्या तत्त्वज्ञानाची बीजे होती. लेखकाने ती रुजू दिली नाहीत. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. क्सुमाचे गाव कादंबरीत जवळजवळ नाहीच. ते ‘उत्तरेकडे’ आहे, इतकेच पुरेसे मानले गेले आहे. खाणीने शहरातील मजुराचे काय केले हे एब्रहम्स सांगतात. खाणीने गावाचे काय केले हे त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

(५)

ही कक्षेबाहेरची बाजूच पुढील इतिहासात निर्णायक ठरली. सिलिकोसिस जडलेला मजूर आपल्या गावी मरत असे. त्याच्या शुश्रूषेचा खर्च खाणीच्या जमाखर्चात येत नसे, तो पत्नीच्या आणि मुलींच्या श्रमातून भागविला जाई. न्यायालयाने या खर्चाची दखल घेण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. सहा कंपन्यांविरुद्धच्या सामूहिक दाव्यात २०१८ साली सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड झाली आणि २०१९ साली जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. १२ मार्च १९६५ नंतर त्या कंपन्यांच्या खाणींत काम केलेले मजूर तिच्या कक्षेत आले.

दरम्यान खाणींची भाषा पालटली होती. २००२ च्या खनिज-कायद्याने खनिजे ही साऱ्या जनतेचा सामाईक वारसा ठरविली व शासनाला तिचे विश्वस्त केले. ‘सामाजिक आणि श्रम-योजना’ हा खाण-परवान्याचा भाग झाला. आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केलेल्या ‘आफ्रिका मायनिंग व्हिजन’ या दस्तऐवजातही न्याय्य व पारदर्शक खनिजविकासाचा उद्घोष आहे. या दस्तऐवजांचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या भाषेकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट दिसते : ‘लाभार्थी’, ‘भागधारक’, ‘पुनर्वसित कुटुंबे’ या पदांनी निर्दिष्ट होणारी माणसे वाक्यात बहुधा कर्म असतात. त्यांना लाभ दिला जातो, त्यांचे पुनर्वसन केले जाते, त्यांच्याशी सल्लामसलत केली जाते. कर्ता दुसराच असतो.

हा केवळ वैयाकरणाचा आग्रह नव्हे, हे मारिकाना येथील घटनेने सिद्ध केले. तेथील प्लॅटिनमच्या खाणीतील पत्थर फोडणाऱ्या मजुरांनी २०१२ साली १२,५०० रँड मासिक वेतन मागितले. संपाच्या आरंभीच्या दिवसांत दहा माणसे मारली गेली, त्यांत पोलीस व सुरक्षारक्षकही होते. १६ ऑगस्ट रोजी पोलिसांच्या गोळीबारात ३४ मजूर ठार झाले. मजुरांची मुख्य मागणी एवढीच होती, की व्यवस्थापनाने टेकडीपाशी येऊन त्यांच्याशी बोलावे. व्यवस्थापन आले नाही. पोलिसांनी जी बोलणी केली ती दुभाष्यामार्फत, फानागालोतून केली. चौकशी आयोगाच्या २०१५ च्या अहवालात असेही नमूद झाले, की लॉनमिन कंपनीने आपल्या योजनेत ५,५०० घरांचे आश्वासन दिले होते आणि प्रत्यक्षात नमुन्याची तीन घरे बांधली होती. आश्वासनाची भाषा निर्दोष होती. तिला उत्तर मागण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांच्याशी संवादाची भाषा मात्र जुन्या हुकुमांचीच राहिली होती.

मारिकानाला मेलेल्यांपैकी अनेक जण पोंडोलँडचे होते. त्याच पोंडोलँडच्या किनाऱ्यावर क्सोलोबेनी येथील टायटॅनियमयुक्त वाळूसाठी खाणीचा प्रस्ताव आला. पूर्वी माणसे खाणीकडे जात. आता खाण माणसांकडे आली. विरोध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सिखोसिफी ऱ्हाडेबे यांची मार्च २०१६ मध्ये हत्या झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तेथील रहिवाशांचे परंपरागत भूमिहक्क पाहता केवळ सल्लामसलत पुरेशी नाही. १९९६ च्या कायद्यानुसार त्यांची पूर्ण आणि माहितीपूर्वक संमती आवश्यक आहे. सल्लामसलत आणि संमती या दोन शब्दांतील अंतर येथे स्पष्ट होते. सल्लामसलत करणारा कंपनी असते. संमती देणारे गाव असते. वाक्यातील कर्ता बदलतो, आणि जो संमती देऊ शकतो तो नाकारूही शकतो.

(६)

‘माइन बॉय’ची थोरवी आणि मर्यादा या निकषावर एकत्रच दिसतात. नकार हाच माणसाच्या प्रौढत्वाचा पहिला उच्चार होय, हे एब्रहम्स यांनी ओळखले. आणि पोऱ्या म्हणून हिणविलेल्या माणसाच्या तोंडी तो उच्चार देऊन त्यांनी आपल्या शीर्षकाचेच खंडन केले. परंतु त्यांचा क्सुमा एकटा बोलतो, आणि अपघात होऊन गेल्यावर बोलतो. क्सोलोबेनीचे गाव एकत्र बोलले, आणि खाण सुरू होण्यापूर्वी बोलले. जबाबदार खनिजविकासाचे खरे मोजमाप कंपनीने किती घरे वा शाळा दिल्या यात नाही. गावाने ‘नाही’ म्हटल्यास काय होते, यात आहे. जेथे त्या शब्दानंतर पोलिसांची गाडी येते, तेथे विकासाची परिभाषा कितीही बदलली तरी व्याकरण आज्ञार्थाचेच राहते.