इतिहास एका प्रकरणात, माणसं दुसऱ्या

आपल्या मुलखाचा इतिहास वाचायचा म्हटलं की वाचनालयातला माणूस गॅझेटियर काढून देतो. खानदेशचं जुनं गॅझेटियर 1880 चं, इंग्रजांनी केलेलं, जेम्स कॅम्पबेल त्याचा संपादक. महाराष्ट्र झाल्यावर सरकारने जळगावचं नवं काढलं 1962 ला, धुळ्याचं 1974 ला. पुस्तकं जाडजूड आहेत, कामाची आहेत, वाचलीच पाहिजेत. पण त्यांची बांधणी बघा. मला बोलायचंय ते तिच्यावर.

1880 च्या ग्रंथात लोकसंख्येचं प्रकरण वेगळं, इतिहासाचं वेगळं. मध्ये शेती, भांडवल, व्यापार. लोकसंख्येत कोण? महार, मांग, चांभार, भिल्ल, पावरा. किती डोकी, काय खातात, काय नेसतात, लग्न कसं लावतात. इतिहासात कोण? यादव, फारुकी, मोगल, पेशवे आणि शेवटी साहेब स्वतः. म्हणजे आपल्याला नुसत्या चालीरीती, इतिहास त्यांना. भिल्ल इतिहासात येतो तो उपद्रव म्हणून. नव्या सरकारी ग्रंथांनीही इतिहास एका प्रकरणात आणि लोक दुसऱ्या प्रकरणात ठेवले. साहेब गेला, पण कागदावरचं गावकूस तसंच राहिलं.

ते पाडून वाचलं तर काय दिसतं?

चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. तिथं उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथं राजा नव्हता, वेद नव्हते, जात नव्हती. माणूस होता, आणि त्याला मणी घडवावासा वाटला. पुढं तापीकाठी प्रकाशे, सावळदे, गिरणेकाठी बहाळ इथं तीन-चार हजार वर्षांपूर्वी शेती करणारे, मडकी रंगवणारे लोक राहिले. खानदेशचा इतिहास सुरू होतो तो ह्या हातांपासून. थाळनेरला फारुकींचं तख्त आलं ते चौदाव्या शतकात. 1601 ला आसिरगड अकबराकडे गेला, मग मराठे आले, 1818 ला इंग्रज. तख्तं बदलली, एवढंच.

पण डोंगरातल्या माणसाचं काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पेशवाईत, कोपरगावला भिल्लांना विश्वासघातानं पकडलं, मारलं, विहिरींत फेकलं. इंग्रजांच्या कागदांत हे नोंदलेलं आहे. मला शाळेत कुणी शिकवलं नाही. मग इंग्रजांनी दुसरी युक्ती केली. 1825 ला औट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली, भिल्लांवर भिल्ल घातला. तरी 1858 ला सातपुड्यात आंबापाणीला भिल्ल इंग्रजांशी लढले. खाज्या नाईक, भीमा नाईक ही नावं पाठ पाहिजेत, शिवाजी-तानाजीइतकी.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी गिरणी कामगारांनी गोळ्या खाल्ल्या. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होतं. हे राज्य कुणी फुकट दिलं नाही, म्हणून ते माझंही आहे, आणि म्हणूनच विचारतो: राज्य भाषेवर झालं, तर पहिल्या माणसाची भाषा कुठं गेली? सातपुड्यात भिलोरी बोलतात, पावरी बोलतात, मावची बोलतात. रेघ ओढली ती मराठी, गुजराती, हिंदीच्या हिशेबानं. डांग गुजरातेत गेला. खानदेशची जुनी राजधानी बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिली. एकाच भिल्ल समाजाच्या मधून राज्यांच्या हद्दी गेल्या.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. 1972 साली आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. तिथल्या मूळ माणसाकडेही बघा. 1830 नंतर चोक्टॉ, चेरोकी ह्यांना त्यांच्या भूमीतून हाकलून पश्चिमेला नेलं, आता ही भूमी तुमची म्हणून सांगितलं. 1905 ला त्यांनी त्याच भूमीत स्वतःचं 'सिक्वोया' राज्य मागितलं, त्याची घटनाही लिहिली. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते दिलं नाही. 1907 ला ओक्लाहोमा राज्य झालं. ओक्लाहोमा हा शब्द चोक्टॉ भाषेतला, अर्थ तांबडी माणसं. नाव त्यांचं घेतलं, सत्ता दुसऱ्यांच्या हाती गेली.

अस्पृश्य आणि आदिवासी ह्या दोघांकडेही बाबासाहेबांचं लक्ष गेलं होतं. मुंबई सरकारच्या ज्या स्टार्ट कमिटीवर ते होते, तिनं दोघांचीही चौकशी केली. तिचा अहवाल 1930 चा. 1929 ला त्याच कमिटीच्या कामाहून परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी महाराला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. आपल्यातल्याच एका नवख्या माणसानं हाकला, आणि पुलावर बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. खानदेशच्या इतिहासात हा प्रसंग आसिरगडाइतका मोठा आहे. पुढं 1955 ला भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी इशारा दिला, की भाषेच्या राज्यात एकच मोठी जात बसली तर लहानांना कोण विचारणार? म्हणून त्यांनी मराठी मुलखाची मुंबई धरून चार राज्यं सुचवली होती.

हा प्रश्न 1960 ला मिटला नाही. 1972 ला शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती पुढं आले, ते गेलेल्या जमिनीसाठीच.

आता लिहिणाऱ्यांना सांगणं. आपल्या कवितांत एकलव्याचा अंगठा पुष्कळ आला. अंगठा महाभारतातला आहे, त्यांनी सांगितलेल्या गोष्टीतला. कोपरगावची विहीर, आंबापाणीचा डोंगर, चाळीसगावचा पूल हे आपल्या जमिनीवरचं आहे. तिथं जा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, लिहून घ्या. डाळमिलमध्ये माझ्या बाजूला पोतं उचलणारा पावरा गडी आहे, त्याच्या घरातही सांगण्यासारखं असेल. त्यानं सांगितलेलं आणि आपण लिहिलेलं, दोन्ही इतिहासाच्या प्रकरणात गेलं पाहिजे. तिथं नेऊन ठेवायचं काम सरकारचं नाही, आपलं आहे.

जयभीम.