नकार पुढे आला की…

नांदेड-लातूरकडे बारावीच्या पोराला ‘नो सूनर – दॅन’ विचारा. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ काढून ‘नो सूनर’ आणायचं, ‘डिड’ घालायचं, क्रियापद मूळ रूपात आणायचं, स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’ लिहायचं, की गुण पदरात. लातूर पॅटर्नच्या सरावात हे हातात बसतं. त्यातली गंमत मात्र राहून जाते.

‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ घंटा अजून वाजायची आहे आणि नकार आधीच येऊन बसलाय. त्याच्या मागे ‘डिड’, मग कुठे कर्ता. एरवी साध्या विधानात इंग्रजी कर्त्याला पहिला मान देते. जुन्या इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी दुसरं काही आलं, की क्रियापद बहुधा कर्त्याच्या पुढे सरकायचं. जर्मनमध्ये आजही सरकतं. इंग्रजीने ही रीत बहुतेक ठिकाणी टाकली, ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’ यांच्या मागे मात्र जपली.

आणि ही नुसती ऐट नाही. ‘विथ नो ट्यूशन वुड ही बी हॅपी’ म्हणजे कुठलीच ट्यूशन त्याला समाधान देणार नाही. ‘विथ नो ट्यूशन ही वुड बी हॅपी’ म्हणजे ट्यूशन नसली तर पोरगा सुखी. (लातुरात दुसऱ्या वाक्याला जास्त मतं पडतील.) शब्द तेच. ‘वुड’ कर्त्याला ओलांडून गेला की नकार सगळ्या वाक्यावर पसरतो. जागेवर राहिला तर ट्यूशनपुरताच उरतो. एका शब्दाच्या सरकण्यात एवढा अर्थ मावतो, हे मला या नियमाचं खरं सौंदर्य वाटतं.

मराठीत नकार क्रियापदाला धरून शेवटी येतो: ‘मी येणार नाही.’ रागावलं की ‘नाही येणार मी!’ आपल्याकडे जी रागाची मुभा, ती तिकडे व्याकरणाची सक्ती.

पण घाईच्या बाबतीत मी मराठीच्या बाजूने. ‘घंटा वाजते न वाजते तोच पोरं बाहेर पळाली.’ इथेही नकारच कामाला आहे. वाजणं आणि न वाजणं यांच्या फटीतून पोरं निसटतात. इंग्रजीला त्यासाठी ‘सूनर’, ‘डिड’, ‘दॅन’ असा सगळा सरंजाम लागतो.

इंग्रजीच्या सरांनी ‘नो सूनर’चं सूत्र द्यायच्या आधी हे मराठी वाक्य एकदा फळ्यावर लिहून पाहावं.