साने गुरुजी : शिक्षकातील विद्यार्थी

साने गुरुजींच्या वाङ्मयावर भावविवशतेचा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्या समीक्षेच्या हातून एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अध्यापन करणाऱ्या आणि वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविणाऱ्या या शिक्षकाच्या अंतर्जीवनाचे स्वरूप कोणते? ‘श्यामची आई’ या ग्रंथाच्या निवेदनपद्धतीवरून त्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

हा ग्रंथ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिला गेला. आदल्या वर्षी, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी टिपून घेतली. ही घटना केवळ चरित्राच्या तपशिलापुरती नाही. वर्गात बोलण्याची सवय असलेला शिक्षक चार महिने दुसऱ्याच्या वाणीचा लेखनिक झाला होता. लेखनिकाला स्वतःचा शब्द बाजूस ठेवून ऐकावे लागते. या श्रवणानंतरच श्यामचे कथन येते, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर श्याम सोबत्यांना एकेका रात्री आठवणी सांगतो. अशा रात्री बेचाळीस. निवेदक येथे शिक्षकाच्या आसनावर बसला आहे. पण तो सांगतो कोणाविषयी? पाण्याला भिऊन दडून बसणाऱ्या, पुस्तकांच्या मोहाने पैसे चोरणाऱ्या मुलाविषयी. अशा प्रसंगी अपराधाचा कर्ता ‘मी’ असतो. सुधारणेचे कर्तृत्व मात्र आईकडे जाते. आपण कसे शिकलो, एवढेच सांगून हा शिक्षक शिकवितो.

गुणदोषांचा निवाडाही याच ठिकाणी करता येतो. स्नानानंतर तळवे मळू नयेत म्हणून हट्ट धरणारा श्याम, त्याच्यासाठी लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरणारी आई, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, हे तिचे सांगणे : येथे बोध प्रसंगातूनच उगवतो. उलट, प्रौढ श्याम जेव्हा श्रोत्यांना तात्पर्य समजावू लागतो, तेव्हा उद्गारवाक्ये वाढतात, विशेषणे साचतात आणि वर उल्लेखिलेला आक्षेप खरा ठरतो. म्हणजे हा दोष आठवण सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा नव्हे. श्रोत्यावर पुरता विश्वास न ठेवणाऱ्या उपदेशकाचा आहे.

मराठीत ‘शिकविणे’ हे ‘शिकणे’ याचे प्रयोजक रूप होय. संस्कृत ‘शिक्ष्’ हा धातू मुळात ‘शक्’ याचे इच्छार्थक रूप मानला जातो. समर्थ होऊ इच्छिणे, हा त्याचा मूलार्थ. व्युत्पत्तीवरून नीतिशास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि गुरुजींच्या बाबतीत शब्दाचा हा क्रम आणि जीवनाचा क्रम जुळतात, आणि जेथे तो सुटतो तेथे त्यांचे गद्यही सैल पडते.

आपण अध्यापक मंडळी वर्गात निष्कर्ष सांगतो. त्यांच्याकडे जाताना आपण कोठे चुकलो, हे क्वचितच सांगतो. त्या मौनाने आपली प्रतिष्ठा राखली जात असेल. विद्यार्थ्याच्या पदरी मात्र केवळ निष्कर्षच पडतात. ‘श्यामची आई’ मुलांचे पुस्तक म्हणून बाजूस ठेवण्यापूर्वी अध्यापकाने ते एकदा स्वतःसाठी वाचावे.