तीन यमुना आणि एक न विचारलेला प्रश्न

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. पेटची तयारी करतेय. म्हणाली, "ताई, ‘यमुनापर्यटन’ अख्खं वाचावं लागतं का? मुलाखतीत तर फक्त साल विचारतात." साल 1857, लेखक बाबा पदमनजी, मराठीतली पहिली कादंबरी, विषय विधवांची स्थिती. एवढ्यावर मुलाखत निभावते हे खरंय. माझीही निभावली होती.

अडचण नंतर येते. कोर्सवर्कच्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी या कादंबरीवर बोलले आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणून टाकलं की ही कलाकृती नसून धर्मप्रचार आहे. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. गाईडनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पानावर?" मला सांगता येईना, कारण मी वाङ्मयेतिहास वाचला होता, कादंबरी नाही. त्या दिवशी डोंबिवलीपर्यंतचा लोकलचा प्रवास फार लांबला. पुढच्या शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले (1893 पासूनची संस्था आहे, आणि आपण कल्याण-डोंबिवलीवाले तिच्यावरून रोज गाडीने पुढे जातो). आणि कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

वाचल्यावर मत बदललं, पण मला वाटलं होतं त्या दिशेने नाही.

कथा थोडक्यात अशी. यमुना शिकलेली आहे, ख्रिस्ती विचारांचा संस्कार झालेली आहे. नवरा विनायकराव. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे, पण घरात आणि समाजात हे उघड नाही. दोघं प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या हकिकती कळतात. मग प्रवासातच विनायकराव जातो, आणि जिच्याबद्दल कळवळा वाटत होता ती विधवा यमुना स्वतःच होते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

म्हणजे श्रद्धा आहे, प्रेम आहे. मग मोह कुठे आहे? ख्रिस्ती प्रेमकथा म्हटली की आपल्याला वाटतं, कुणीतरी देखणा परपुरुष येणार, नायिका डळमळणार, प्रार्थना करणार, सावरणार. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचं मोठं दुकान आहे, आणि तिथे हा साचा पक्का आहे. ‘यमुनापर्यटन’मध्ये यातलं काही नाही. म्हणून पहिल्या वाचनात मला ही कादंबरी सपाट वाटली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मोह आहे, फक्त तो शरीराचा नाही. तो गुप्ततेचा मोह आहे. मनात एक, घरात एक. विश्वास ठेवायचा, प्रार्थना करायची, आणि बाहेर सगळं जसंच्या तसं चालू द्यायचं. कुणालाच दुखवायचं नाही.

हा मोह पदमनजींना पुस्तकातून शोधावा लागला नव्हता. जन्म 1831, बेळगाव, बाप्तिस्मा 1854. मधल्या काळात मुंबईत ते परमहंस मंडळीचे सभासद होते. 1849 ची ही मंडळी जातिभेद मानायचा नाही असं ठरवून चालली होती, पण सगळा कारभार गुप्त. आत बसून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, बाहेर येऊन सोवळं पाळायचं. पुढे सभासदांची नावं फुटल्यावर मंडळी विखुरली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पदमनजींनी स्वतःची घालमेल सविस्तर सांगितली आहे. मन वळलं होतं, पाऊल पडत नव्हतं. अशा माणसाने बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत नवरा-बायको दोघंही लपून विश्वास ठेवतात, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ‘प्रचार’ हा शब्द इथे कमी पडतो. हा माणूस स्वतःच्याच आधीच्या भित्रेपणाशी भांडतो आहे, आणि ज्या जागी तो हे भांडण करतो तिथे गद्यालाही धार येते. विधवांच्या हकिकतींतही धार आहे. बाई बोलायला लागली की मराठी घरगुती होते. पण कुणी शास्त्रार्थाला बसलं की पानंच्या पानं वादविवाद. ती मी भराभर उलटली, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. आपण आज म्हणतो, विधवेला वाट दाखवायची तर धर्म कशाला बदलायला लावला? जरा तारखा बघा. विधवापुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. कादंबरी 1857 ची. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत गाजलेला ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला तो 1869 मध्ये. म्हणजे यमुना विधवा झाली तेव्हा कायदा कागदावर होता, पण तिच्याशी लग्न करून चार लोकांत राहू शकेल असं घर समाजात जवळपास नव्हतं. पदमनजींना माहीत असलेलं, खरोखर उघडलेलं एकच दार होतं. त्यांनी तिला त्या दारातून नेलं. याला सोयीचा शेवट म्हणा, पण अवास्तव म्हणू नका.

आता माझी खरी तक्रार. कादंबरी एक प्रश्न विचारतच नाही: विनायकरावचा ख्रिस्तावर विश्वास नसता तर?

1857 मध्ये धर्मांतरित माणसापुढचा सगळ्यात जळता प्रश्न हाच होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको माहेरी निघून गेली, किंवा तिला नेऊन ठेवली, अशी घरं होती. अशा जोडप्यांनी करायचं काय, यासाठी 1866 मध्ये वेगळा कायदा करावा लागला; धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलं तर विवाहविच्छेद मागता यावा म्हणून. कायदा करावा लागतो म्हणजे प्रश्न चार-दोन घरांचा नसतो. पदमनजींना हे ठाऊक नसणार असं मानणं कठीण आहे. तरी कादंबरीत त्यांनी नवरा-बायको दोघांनाही एकाच बाजूला उभं केलं. मग प्रेम आणि श्रद्धा यांची टक्कर होतच नाही. अडथळा येतो तो बाहेरून, आणि नवऱ्याला लेखक मरण देतो. गंमत अशी की याच्या आधी मराठीत आलेली ख्रिस्ती प्रवासकथा याहून कठोर होती. बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चं हरि केशवजींनी केलेलं भाषांतर, ‘यात्रिकक्रमण’, 1841 चं. त्यातला यात्रिक बायकामुलांना मागे ठेवून निघतो. पदमनजींचे यात्रिक जोडीने निघतात. हा बदल मला आवडतो, बायकोला बरोबर घेणं ही त्या काळात लहान गोष्ट नाही. पण त्याची किंमत म्हणून कथेतला सगळ्यात अवघड प्रसंग गळून गेला.

तो गळलेला प्रसंग मराठीत नंतर आला, आणि कादंबरीत नाही, आत्मचरित्रात आला. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. पुढची काही वर्षं ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहेत: ताटातूट, मग एकत्र येणं, एकत्र येऊनही स्वयंपाक वेगळा. प्रेम आहे, राग आहे, आणि पाणी कुणाच्या हातचं प्यायचं हा प्रश्न आहे. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याने समजावलं म्हणून नाही. जातीचा विचार स्वतः करत, अडखळत, स्वतःशी हुज्जत घालत त्या तिथवर पोचल्या. हसत हसत लिहिलंय सगळं. ‘यमुनापर्यटन’नंतर लगेच ‘स्मृतिचित्रे’ वाचा, पहिल्या पुस्तकात काय राहून गेलं ते कुणी समजावून द्यावं लागणार नाही. (जाता जाता: टिळकांचं प्राथमिक शिक्षण आपल्या कल्याणात झालं, 1870 च्या आसपास.)

त्याच काळात कल्याणात आणखी एक यमुना होती. खरीखुरी. 1865 मध्ये जन्मलेली यमुना जोशी. 1874 मध्ये, नवव्या वर्षी, तिचं लग्न टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी झालं आणि ती आनंदी झाली. डॉ. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून चरित्र सांगत बसत नाही. मला रस आहे तो एका तिढ्यात. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळरावांनी 1878 मध्ये वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तराचा रोख असा की ख्रिस्ती झालात तर बघू. तो पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. पुढची मदत तिथून आली. 1883 मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी सेरामपूरला भाषण केलं आणि सांगितलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. आणि बोलत कुठे होत्या, तर मिशनऱ्यांनी उभारलेल्या कॉलेजच्या सभागृहात!

मोह हा शब्द इथे किती बदलतो बघा. पदमनजींच्या यमुनेला मोह आहे गप्प राहण्याचा, आणि बाप्तिस्मा हे धैर्य आहे. कल्याणच्या यमुनेपुढे बाप्तिस्मा हाच सोपा रस्ता म्हणून येतो, आणि नाही म्हणणं हे धैर्य ठरतं. दोघींचा निर्णय उलटा आहे, पण दोघी एकच गोष्ट करतात: मनात जे आहे ते चारचौघांत बोलतात. आणि गोपाळराव? ते पुढे, बायको गेल्यावर काही वर्षांनी, स्वतः ख्रिस्ती झाले आणि परतही आले. विनायकरावाच्या जागी असा नवरा असता तर पदमनजींची कादंबरी केवढी अवघड झाली असती, आणि केवढी मोठी.

तिसरी यमुना हरिभाऊ आपट्यांची. ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, नायिका यमू. तीही विधवा होते. तिला दार मिळत नाही. केशवपन होतं, आणि ती संपते. पदमनजींकडे उत्तर होतं आणि त्यामुळे कादंबरी जिथे चिघळायला हवी तिथे बरी झाली. हरिभाऊंनी यमूला वाटच ठेवली नाही, म्हणून ते पुस्तक मिटल्यावरही छळत राहतं. शिवाय यमू स्वतः बोलते, ‘मी’ म्हणून. पहिल्या यमुनेच्या मागे लेखक सतत उभा असतो, हातात पवित्र शास्त्र घेऊन.

इथे एक सावधगिरी, कारण मी यातच घसरले होते. तीन यमुना दिसल्या आणि मी उत्साहात सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं की हरिभाऊंनी पदमनजींना जाणीवपूर्वक उत्तर दिलं. पुरावा? नाव सारखं. गाईडनी समासात लिहिलं: गंगा, गोदा, कृष्णा, यमुना, त्या काळी प्रत्येक आळीत होत्या. बरोबरच होतं. नावाचं साम्य ही शोध सुरू करायची जागा आहे. ‘प्रभाव’ म्हणायचा तर हरिभाऊंनी ते पुस्तक वाचल्याची खूण दाखवावी लागेल, पत्रात, परीक्षणात, कुठेतरी. ती दाखवता येत नसेल तर दोन पुस्तकं शेजारी ठेवून तुलना करा. त्याला कुणी हरकत घेत नाही. आणखी एक: ‘पहिली’ हा शब्द तुमच्या प्रस्तावात दोनपेक्षा जास्त वेळा आला असेल तर थांबा. पहिली आहे म्हणून वाचायची कादंबरी कुणी वाचत नाही, फक्त सांगतात. मीही तेच करत होते.

त्या ज्युनिअरला मी फोनवर एवढंच सांगितलं की पुस्तक लहान आहे, दोन शनिवारांचं काम. शास्त्रार्थाची पानं पहिल्या फेरीत सोडलीस तरी चालेल, विधवा बोलतात ती पानं सोडू नकोस. काल तिचा मेसेज आला: "ताई, विनायकराव मेला तिथे मला रागच आला. लेखकाने सुटका करून घेतली." कुठल्या पानावर, असं मी विचारणार होते. तिने पानाचा फोटोच पाठवला होता.