आमची हरकत नाही, पण…

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा उल्लेख हमखास होतो. तो रास्तच आहे. १९१३ साली त्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. मात्र कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले तेव्हा काय घडले, ते आपण घाईने सांगतो आणि दोष पारशांच्या माथी मारून मोकळे होतो. आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी इंग्रजी आत्मकथन अलीकडे पुन्हा वाचताना ही सोय आमच्यापुरती तरी संपली.

हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पुस्तिकारूपाने ते १९९० साली आले. अस्पृश्यता म्हणजे काय हे परकीयांना कळावे म्हणून लिहिलेले हे सहा प्रसंग आहेत. त्यांतील चार स्वतःचे, दोन इतरांचे. रचना त्रोटक आहे, शेवटचे प्रसंग तर केवळ निवेदनवजा आहेत. तरीही परिणाम खोल होतो, कारण लेखक कोठेही आवाज चढवत नाही. पारशी धर्मशाळेतील ती अडगळीची खोली, कंदिलाचा अपुरा उजेड, वटवाघळांची फडफड आणि सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचा एका फायलीतून दुसऱ्या फायलीत चाललेला प्रवास, एवढेच तो नोंदवतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात.

आपण येथेच थांबतो. आंबेडकर मात्र येथे थांबत नाहीत. त्यानंतर ते दोन मित्रांकडे आसरा मागतात. हिंदू मित्राला वाईट वाटते. पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो सांगतो. ख्रिस्ती मित्र पत्नीला विचारून सांगतो म्हणतो. हे जोडपे मूळचे ब्राह्मण, आणि पत्नीच्या मनातून जुना सोवळेपणा गेलेला नाही, हे लेखकाला मागाहून कळते. दोघांपैकी कोणीही अपमान करीत नाही. दोघांचीही स्वतःची हरकत नाही. हरकत असते ती नोकरांची, पत्नीची, म्हणजे त्या वेळी समोर नसलेल्या कोणाची तरी. आमच्या मते या पुस्तिकेचे मर्म काठ्यांच्या प्रसंगात नसून या दोन सौजन्यपूर्ण नकारांत आहे. काठी दिसते, तिचा निषेध करता येतो. सौजन्याचा निषेध कोणत्या शब्दांत करावा?

सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजाज्ञेने शाळेचे दार उघडता आले. घराचे दार उघडणे घरवाल्यांच्याच हाती होते. आणि त्या शहरातील घरवाल्यांत आपले पूर्वजही होते.

पूर्वजांवर तरी किती ढकलावे? लहानपणी आमच्या मागील दारच्या कोनाड्यात एक निराळा पेला असे. तो कोणासाठी, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते, तरी ठाऊक होते. पुढे आम्ही व्यासपीठांवरून समतेवर बोललो. काही वर्षांपूर्वी वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. एक तरुण प्राध्यापक पाहावयास आले. बोलणे छान झाले. आम्ही आडनाव विचारले, आणि म्हणालो, “आमची काही हरकत नाही, पण आई जुन्या मताची आहे.” आईला आम्ही विचारलेच नव्हते. ते गृहस्थ नमस्कार करून शांतपणे जिना उतरले. ती शांतता आम्हांस या पुस्तिकेत पुन्हा भेटली.

धर्मशाळा सोडल्यावर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर कमाठी बागेत बसून राहिले. त्या बागेत आज संकल्पभूमी आहे. आपण तेथे फुले वाहतो. फुले वाहण्यास कोणाचीच हरकत नसते. आडनाव न विचारता किल्ली हाती देणे मात्र अजून आपल्याला जमावयाचे आहे.