सुधाकराचा पहिला घोट

'एकच प्याला' हे दारूच्या दुष्परिणामांचे नाटक, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. १९१९ च्या जानेवारीत राम गणेश गडकरी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. तेव्हापासून सुधाकराच्या नाशाचे खापर दारूवर आणि तळीरामावर फोडले जाते. हे निदान मला अपुरे वाटते.

घटनांचा क्रम पाहावा. सुधाकर हा बुद्धिमान, मानी, स्वकष्टाने वर आलेला वकील. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, तोल सुटतो आणि काही काळासाठी सनद जाते. या क्षणापर्यंत दारूचा थेंबही त्याच्या ओठांना लागलेला नाही. तळीराम प्याला पुढे करतो तो यानंतर. सुधाकराने पहिला घोट घेतला तो संतापाचा, दारूचा दुसरा.

मी विद्यापीठातला माणूस नाही. हे नाटक मी विशीत वाचले तेव्हा सिंधूसाठी रडलो. पुढे एका अपमानाच्या भरात चालू नोकरीचा राजीनामा साहेबांच्या टेबलावर टाकून मी घरी आलो. ते दहा मिनिटांचे शौर्य घराने चार वर्षे फेडले. त्यानंतर वाचताना माझी नजर कोर्टाच्या त्या प्रसंगावरच अडकू लागली.

सुधाकराचा उतावळेपणा केवळ दुर्गुणातच दिसतो असे नाही. त्याचा पश्चात्तापही तसाच एका झटक्यात येतो. तो दारू सोडतो ती तडकाफडकी. कामाच्या शोधात निघतो, लोक विश्वास ठेवत नाहीत, अवहेलना होते. आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, तेही कायमचा. अपमान आणि निर्णय यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्यावी, हे त्याला जमत नाही. तान्ह्या मुलावर काठी पडते ती नशेत, हे खरेच. पण तो हात आधीपासूनच न थांबणारा होता.

सोफोक्लिसचा ईडिपस आठवतो. बापाची हत्या तुझ्या हातून होईल, हे भाकीत ऐकूनही तो तिठ्यावर रथातल्या एका अनोळखी म्हाताऱ्याला फटक्याच्या बदल्यात ठार करतो. भाकीत दैवाचे होते, पण हात त्याचाच होता. सुधाकराच्या बाबतीत दैवाची जागा दारूने घेतली, आणि आपण तिलाच सगळा दोष देऊन मोकळे झालो.

व्यसन हा आजार आहे, त्याला स्वभावदोष कसे म्हणता, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. प्याला एकदा पोटात गेल्यावर सुधाकर पुरता स्वतंत्र उरत नाही. म्हणूनच त्याच्या आधीचा प्रसंग महत्त्वाचा. तिथे तो शुद्धीवर होता.

शेवटी तो विष घेतो तेही तसेच, तत्काळ. पुढचा प्रयोग पाहाल तेव्हा बाटलीआधी ती हुकलेली सनद पाहा.