शंभर यंत्रं आणि एक न सांगितलेली फाइल

आज एका जुन्या पण अजून महत्त्वाच्या संशोधन-निबंधाबद्दल लिहितोय. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आणि अभियंत्यांनी 2016 साली ‘क्लाउडबिल्ड’ या आपल्या अंतर्गत सेवेवर तो मांडला. बिंग, ऑफिस, अ‍ॅझ्युअर अशा विभागांतले 4,000 हून जास्त प्रोग्रामर ती सेवा वापरत होते, आणि बिल्ड 1.3 ते 10 पट वेगवान झाले असा निबंधाचा दावा आहे. काम मोठं आहे यात वाद नाही. पण वेगाच्या आकड्यामागे एक तडजोड आहे, आणि माझा आक्षेप तिच्यावर आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणणं म्हणजे बिल्ड. प्रकल्प मोठा झाला की हजारो फाइली कंपाइल करायच्या, एकत्र जोडायच्या, मग टेस्ट चालवायच्या. ‘मेक’ हे साधन 1976 पासून यासाठी वापरात आहे. फाइल बदलल्याची वेळ बघून ते ठरवतं की काय पुन्हा करायचं. पण ते चालतं एकाच संगणकावर, आणि शेजारच्या टेबलावर तेच काम तासाभरापूर्वी झालंय हे त्याला माहीत नसतं.

क्लाउडमधली यंत्रं इथे दोन प्रकारे मदत करतात. पहिला प्रकार सरळ आहे: काम वाटून टाकायचं. पण वाटण्याला मर्यादा असते. मोदक वळायला दहा जणी बसल्या तरी उकड निघाल्याशिवाय कुणालाच पारी करता येत नाही. बिल्डमध्येही एकामागून एकच होणारी कामं असतात. समजा, एकूण वेळातला 20 टक्के वेळ अशा कामांचा आहे. मग बाकीचं 100 यंत्रांवर वाटलं तरी वेग जेमतेम 4.8 पट होतो, आणि लाख यंत्रं लावली तरी 5 पटीच्या पुढे जात नाही. हा अ‍ॅमडालचा नियम, 1967 चा. म्हणून ‘1.3 ते 10’ असा आकडा दिसला की 10 कडे बघून हुरळून जाऊ नका. तुमचा प्रकल्प 1.3 वाला नाही ना, हे आधी बघा.

दुसरा प्रकार जास्त हुशार आहे: झालेलं काम पुन्हा करायचंच नाही. कामात जाणाऱ्या सगळ्या फाइली, कंपायलर आणि दिलेली आज्ञा यांचा मिळून एक हॅश काढायचा, म्हणजे बोटाच्या ठशासारखी एक खूण. तोच ठसा पूर्वी आला असेल तर साठवलेलं उत्तर तसंच उचलायचं. याला कॅश म्हणतात.

आता ‘सगळ्या फाइली’ हे शब्द पुन्हा वाचा. बिल्डने गुपचूप एखादी फाइल वाचली आणि ती यादीत नसेल तर? ती फाइल बदलली तरी ठसा तोच राहतो, आणि तुम्हाला शिळं उत्तर मिळतं. कुठलीही तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. दूरचं यंत्र कोरं असेल तर निदान ‘फाइल सापडत नाही’ असं ओरडतं. पण त्याच नावाची वेगळी आवृत्ती तिथे आधीच असेल तर तेही गप्प बसतं.

गूगलने 2015 मध्ये खुलं केलेलं ‘बेझल’ इथे कडक आहे. जे जाहीर केलं नाही ते कामाला दिसूच नये, असा त्याचा प्रयत्न असतो. अर्थात तेही पूर्ण सोवळं नाही. संगणकावर आधीपासून असलेली सिस्टिमची हेडर्स त्याच्या नजरेतून निसटू शकतात. क्लाउडबिल्डने मात्र उलटी वाट धरली. जुने प्रकल्प लवकर आत आणायचे म्हणून चुकीच्या याद्याही चालवून घ्यायच्या, आणि तोच कोड देऊन दर वेळी वेगळी फाइल देणारी साधनंही चालवून घ्यायची. निबंध हे उघडपणे सांगतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. व्यवहार म्हणून मला पटतंही. वीस वर्षं जुना कोड आधी शुद्ध करा म्हटलं असतं तर कुणी फिरकलंच नसतं.

पण या सवलतीची किंमत बघा. कॅश बरोबर आहे की नाही हे तपासायचा एकच सरळ उपाय आहे: सगळं पुसून शून्यापासून बिल्ड करा आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा. कंपायलर प्रत्येक फाइलमध्ये तारीख-वेळ कोरत असेल, तर उत्तरं दर वेळी वेगळीच येणार. मग फरक तारखेमुळे आहे की शिळ्या फाइलमुळे, हे कळणार कसं? म्हणजे ज्या ढिलाईमुळे चूक होऊ शकते, तिच्यामुळेच ती चूक पकडायचं साधनही हातातून जातं.

टेस्टच्या बाबतीत तर हे आणखी बोचतं. कोड न बदलता कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्ट असतात. गूगलने 2016 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे 16 टक्के टेस्टमध्ये असा लहरीपणा थोडाफार आढळतो. अशी टेस्ट एकदा नशिबाने पास झाली आणि ते ‘पास’ साठवलं गेलं, की कोड बदलेपर्यंत सगळ्या टीमला तेच दिसत राहणार.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्या प्रयोगशाळेत सिम्युलेशनचा कोड असतो. क्लाउडवर यंत्र भाड्याने घेणं आता विद्यार्थ्यालाही जमतं. मोठ्या कंपनीकडे अशी चूक हुडकायला माणसं असतात. आपल्याकडे शिळ्या लायब्ररीशी जोडलेला प्रोग्राम निघाला तर त्याचा आलेख थेट प्रबंधात जातो, आणि तो पुढे कुणीतरी खरा मानून वापरतो.

म्हणून माझं मत असं आहे: अशा सेवेचं मूल्यमापन नुसत्या ‘किती पट’वर करू नये. साठवलेलं उत्तर आणि शून्यापासून काढलेलं उत्तर किती वेळा जुळलं, हा आकडा वेगाच्या शेजारी छापायला हवा. तुम्ही हे वापरणार असाल तर आधी बिल्डमधल्या तारखा काढून टाका, आठवड्यातून एकदा रिकाम्या कॅशवर पूर्ण बिल्ड करा आणि हॅश ताडून बघा. त्यात यंत्राचे काही तास जातील. ते भाडं देण्यासारखं आहे.